महामार्ग टाळून पुण्याहून साताऱ्याला: भोर, मांढरदेवी, वाई, तापोळा, कास या सायकलवाटेविषयी मार्गदर्शन हवे आहे

नीराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते, वय ४७ वर्षे, आणि गेली चार वर्षे नियमितपणे सायकल चालवते आहे. सिंहगडाचा घाट महिन्यातून दोनदा होतो. खडकवासला, खानापूर, रांजणे, पाबे घाट, विंझर, नसरापूर अशी मोठी फेरीही दोन वेळा पूर्ण झाली आहे. पाबे घाटाच्या माथ्यावर, जिथून तोरणा आणि राजगड दोन्ही समोर येतात, तिथे मागच्या वेळी पंधरा-वीस मिनिटे बसले असताना एकही वाहन गेले नाही. खालच्या उतारावर चरणाऱ्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. तेव्हापासून मनात आहे की सलग तीन-चार दिवस अशाच रस्त्यांवरून जावे आणि साताऱ्यापर्यंत पोहोचावे.

गेल्या दिवाळीत मी महामार्गाने साताऱ्याला गेले होते. खंबाटकी घाट चढत असताना एक कंटेनर माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेला, त्याच्या वाऱ्याने सायकल आधी आत ओढली गेली आणि मग साईडपट्टीवरच्या खडीत उतरली. मी पडले नाही, पण पुढचे दोन किलोमीटर सायकल हातात धरून चालत गेले. तो रस्ता आता पुन्हा नको आहे.

या वेळी माझ्याबरोबर १९ वर्षांचा भाचा असेल. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघण्याचा विचार आहे आणि चार दिवस हाताशी आहेत. पुणे, भोर, मांढरदेवी, वाई, महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कास, सातारा असा मार्ग नकाशावर आखला आहे. माझ्या सायकलला पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दात्यांचे गिअर आहेत, ब्रेक रिमवर लागणारे आहेत आणि टायर २८ मिलिमीटरचे आहेत. पुण्यातून भोरपर्यंत महामार्ग कसा टाळावा, पसरणी घाटाला पर्याय आहे का, आणि हे गिअर पुरतील का, हे ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष केली आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

कृष्णातीर

ताई, तुमचा मार्ग चांगला आहे आणि क्रमही योग्य आहे. मी वाईचा आहे, निवृत्त शिक्षक आहे, आणि या रस्त्यांवरून गेली पंचवीस वर्षे सायकलने हिंडतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एखादा रस्ता शांत आहे की नाही हे केवळ नकाशा पाहून कळत नाही. नकाशावर रस्त्याचा रंग आणि जाडी दिसते. वाहने किती आणि कोणत्या दिवशी, हे दिसत नाही. मी कोणताही नवा रस्ता निवडताना दोन गोष्टी तपासतो. या रस्त्याच्या टोकाला काय आहे, आणि तिथे जायला दुसरा मोठा रस्ता आहे का? टोकाला धरणाचे पाणी असेल किंवा शेवटची वाडी असेल, तर त्या रस्त्यावर एसटी, दुधाची गाडी आणि गावातल्या दुचाकी याखेरीज फारसे काही नसते. पसरणी घाटाचे दुखणे हेच आहे की पुण्या-मुंबईहून पाचगणी-महाबळेश्वरला जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्याच घाटाने वर चढतो. कास, तापोळा, बामणोली या भागातली शांतता मात्र वेगळ्या कारणाची आहे. कोयना धरण झाले, त्याच्या जलाशयाचे, म्हणजे शिवसागराचे पाणी चढले, खोऱ्यातली जुनी गावे आणि गाडीवाटा बुडाल्या, कितीतरी कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यांत वसवली गेली आणि उरलेल्या घरांतली कर्ती माणसे माथाडी म्हणून किंवा गिरणीत मुंबईला गेली. त्यामुळे एरवी तिथले रस्ते रिकामे असतात, आणि गणपतीत, मे महिन्यात आणि गावोगावच्या यात्रांच्या दिवसांत हेच रस्ते मुंबईहून आलेल्या गाड्यांनी भरून जातात. त्या दिवसांत गावकरी आपल्या घरी आलेले असतात, तेव्हा आपणच तिकडे न जाणे बरे.

तिसरी गोष्ट म्हणजे वार आणि तिथी. आपल्याकडच्या डोंगरी रस्त्यांवर वर्दळीचे वेळापत्रक देव ठरवतात असे म्हटले तरी चालेल, आणि तुमच्या मार्गावर तर हे फारच लागू पडते.

भोरपर्यंत महामार्ग टाळायचा असेल तर कोंढव्याहून बोपदेव घाट चढून सासवड, तिथून नारायणपूर आणि केतकावळेमार्गे कापूरहोळला उतरावे. महामार्ग फक्त कापूरहोळला ओलांडावा लागतो. पलीकडे लगेच भोरचा फाटा आहे. एकूण अंतर साधारण ७० किलोमीटर भरते, म्हणजे महामार्गापेक्षा वीसेक किलोमीटर अधिक, पण नारायणपूरच्या पुढे पुरंदरच्या पायथ्याशी जो शांत, चढ-उताराचा रस्ता लागतो त्यासाठी हे वीस किलोमीटर मी आनंदाने चालवतो. बोपदेव घाट मात्र उजाडताना पार व्हायला हवा, कारण आठनंतर त्या घाटात शहराची रहदारी सुरू होते. नारायणपूरला दर गुरुवारी आणि पौर्णिमेला दत्तदर्शनाची गर्दी असते, आणि रविवारी सासवडच्या परिसरात जेजुरीला जाणाऱ्या गाड्या असतात. पाबे घाटाने नसरापूरला उतरूनही भोर गाठता येते, पण मग चेलाडी ते कापूरहोळ हा तुकडा महामार्गाच्या कडेने करावा लागतो.

भोरहून मांढरदेवीचा रस्ता आंबाड्यावरून जातो. आंबाड्यापर्यंत रस्ता साधा आहे, चढ हळूहळू वाढतो, आणि मग घाट सुरू होतो. भोरपासून माथ्यापर्यंत सहाशे मीटरांहून अधिक चढाई आहे आणि तिचा मोठा भाग शेवटच्या टप्प्यात आहे. मांढरदेवीला काळूबाईच्या दर्शनासाठी मंगळवार, शुक्रवार, अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी जीप, ट्रॅक्टर, टेम्पो यांची रांग लागते. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आगेमागे तर तो घाट सायकलसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावा. २००५ च्या जानेवारीत त्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जी मोठी मनुष्यहानी झाली, ती आमच्या भागातला कोणीही विसरलेला नाही. एरवी बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात तर माथ्यापर्यंत दहा वाहनेही भेटणार नाहीत. वाईच्या बाजूचा उतार वळणावळणाचा आहे. तिथे आंधळ्या वळणांवर गुरे बसलेली असतात, कारण रात्रभर थंडावलेल्या डोंगरात सकाळचे ऊन पहिल्यांदा डांबरावर पडते. मी एकदा अशाच वळणावर ब्रेक दाबून थांबलो तेव्हा एका खिल्लारी बैलाचे शिंग माझ्या हँडलपासून वीतभर दूर होते. तो उठलाही नाही, शांतपणे रवंथ करत माझ्याकडे पाहत राहिला.

हा दुसरा दिवस अंतराने लहान वाटतो, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पण तो लहानच ठेवावा. दुपारी वाईत जेवून, विश्रांती घेऊन, संध्याकाळी मेणवलीच्या कृष्णाकाठच्या घाटावर जाऊन यावे. अंगात बळ उरले असेल तर धोम धरणाच्या कडेने बलकवडीच्या दिशेने जेवढे जाता येईल तेवढे जावे. हा रस्ता पुढे जोर गावापर्यंत जातो आणि तिथे महाबळेश्वरच्या कड्याखाली संपतो. पाण्याच्या एका बाजूला कमळगड, समोर डोंगराची भिंत, आणि रस्त्यावर दिवसातून मोजक्या वेळा येणारी एसटी. माझ्या मते संपूर्ण वाई तालुक्यात सायकलसाठी याहून चांगला रस्ता नाही, आणि तो कोणत्याही प्रवासाच्या मार्गावर येत नाही म्हणूनच तो तसा राहिला आहे.

पसरणी घाट वाईपासून पाचगणीपर्यंत बारा किलोमीटरच्या आसपास आहे आणि सरासरी चढ पाच टक्क्यांजवळ आहे, म्हणजे सिंहगडाच्या तुलनेत बराच सौम्य. चढ तुम्हाला जड जाणार नाही, त्रास होईल तो वाहनांचा. शनिवारी सकाळी सगळी रांग वर चढत असते आणि रविवारी दुपारनंतर खाली उतरत असते. सोमवार ते गुरुवार, पहाटे फटफटल्याबरोबर वाई सोडली, तर पर्यटकांच्या गाड्या सुरू होण्याआधी तुम्ही पाचगणीत चहा घेत असाल.

आता हे सगळे वार एकत्र मांडून पाहा. मंगळवारी पुण्याहून निघा म्हणजे नारायणपूरचा गुरुवार आणि जेजुरीचा रविवार दोन्ही टळतात. बुधवारी मांढरदेवी, म्हणजे देवीचा वार टळतो. गुरुवारी पहाटे पसरणी. आणि शुक्रवारी बामणोलीहून कास, म्हणजे शनिवारच्या गर्दीआधी तुम्ही साताऱ्यात. फक्त मधे अमावास्या किंवा पौर्णिमा येत नाही ना, हे दिनदर्शिकेत पाहून घ्यावे.

चाक आणि साखळी

कृष्णातीर सरांनी मार्गाचे सर्व सांगितले आहे, त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. माझे साताऱ्यात सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून गिअर आणि ब्रेक यांबद्दल लिहितो.

तुमचा सर्वांत हलका गिअर पुढे ३४ आणि मागे २८ असा आहे. पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे म्हटले, आणि लांबच्या चढावर त्याखाली गेले की गुडघ्यावर ताण येऊ लागतो, तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या पुढे जातो. आठ टक्क्यांच्या चढावर हा वेग टिकवायचा तर तुम्ही तासाला जवळजवळ साडेसातशे मीटर उंची चढत असता. सामानासकट तुमचे आणि सायकलचे वजन ८५ किलो धरले, तर नुसते ते वजन वर उचलण्यासाठी १७० वॅटहून अधिक शक्ती सतत लावावी लागते. सिंहगडावर एकदाच हे करून घरी जाणे वेगळे, आणि चार दिवस रोज करणे वेगळे. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, लावली तर एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर जाते, तोच ६० चा ताल ताशी पावणेआठ किलोमीटरला जमतो, आणि लागणारी शक्ती १४५ वॅटच्या आसपास येते. मांढरदेवीच्या शेवटच्या दोन वळणांवर हा फरक तुम्हाला मांड्यांत जाणवेल.

कॅसेट बदलण्यापूर्वी मागच्या डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, पिंजरा तपासून घ्या. लहान पिंजऱ्याच्या डिरेलरवर ३४ दाते बसत नाहीत. तसे असेल तर तो डिरेलरही बदलावा लागेल. साखळी जुन्याच लांबीची ठेवू नका. पुढच्या मोठ्या चकतीवर आणि मागच्या मोठ्या चकतीवर एकाच वेळी साखळी गेली आणि ती आखूड असली, तर डिरेलर मोडून चाकात जातो. माझ्या दुकानात अशा तीन सायकली आल्या आहेत, आणि तिन्ही वेळा कॅसेट नवी आणि साखळी जुनी होती.

आता ब्रेक. महाबळेश्वरहून तापोळ्यापर्यंत तुम्ही सुमारे सातशे मीटर खाली उतरणार आहात. ८५ किलो वजन सातशे मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती पावणेदोन लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. यातला मोठा वाटा वारा घेतो, पण तुम्ही घाबरून संपूर्ण उतारभर ब्रेक हलके दाबून ठेवलेत, तर वेग कमी राहतो, वारा काहीच घेत नाही आणि जवळजवळ सगळी उष्णता रिममध्ये जाते. दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबरच्या एका मित्राने असेच केले. कासहून साताऱ्याला येणारा यवतेश्वर घाट उतरून खाली थांबल्यावर त्याने रिमवर बाटलीतले पाणी ओतले तर तव्यावर पडल्यासारखा चुर्र आवाज आला, आणि दहा मिनिटांनी उभ्या सायकलची पुढची ट्यूब फुटली. म्हणून सरळ तुकड्यावर सायकल मोकळी सोडावी, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदम आणि घट्ट दाबून वेग उतरवावा, आणि वळणात शिरताना ब्रेक सोडून द्यावे. दर पाच-सहा किलोमीटरला दोन मिनिटे थांबून रिम निवू द्यावी. सुरुवातीला हे धाडसाचे वाटते, पण हातांना आणि रबराला दोघांनाही विश्रांती मिळते.

निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर काढून उजेडात पाहा. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसले तर ते सुईच्या टोकाने उकरून काढा आणि रबराचा वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने घासून टाका. ते कणच रिमला ओरखडे पाडतात. टायरमध्ये तुमच्या वजनाला ७० ते ८० पीएसआय हवा पुरे. शंभर भरलीत तर डागडुजी केलेल्या रस्त्यावर चाक उड्या मारते आणि उतारावर पकड जाते. भाच्याच्या सायकलचीही एवढीच तपासणी करा. तरुण मुले चढ जोरात चढतात आणि उतार त्याहून जोरात उतरतात, त्यामुळे ब्रेकची गरज त्याला तुमच्यापेक्षा जास्त आहे.

एकलवाट

मी हा मार्ग दोनदा केला आहे, एकदा मैत्रिणीबरोबर आणि एकदा एकटीने. कृष्णातीर काकांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. पसरणी घाट गुरुवारी पहाटेही शांत म्हणता येत नाही. भाजीचे टेम्पो, दुधाच्या गाड्या आणि हॉटेलांना माल पोहोचवणारी वाहने त्याच वेळी वर चढत असतात, आणि पाचगणी ते महाबळेश्वर या पुढच्या एकोणीस-वीस किलोमीटरमध्ये तर दिवस चढलेलाच असतो. वाईहून पाचवड, कुडाळ, मेढा आणि तिथून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, असा पर्याय मी दुसऱ्या वेळी घेतला. अंतर बरेच वाढते आणि दुकाने कमी आहेत, पण पुण्याची रहदारी पसरणीने जात असल्यामुळे केळघर घाटाला फक्त सातारा-मेढ्याकडची वाहने उरतात. काकांनी सांगितलेली, दुसरा मोठा रस्ता आहे का ही कसोटी इथे अगदी बरोबर लागू पडते. घाटात मी एका वळणावर केळी खायला थांबले होते, तर झाडीतून शेकरूचा कर्कश आवाज येत होता आणि त्याने खाली टाकलेली साले रस्त्यावर पडलेली ऐकू येत होती. पसरणीत मला असा क्षण मिळाला नाही.

स्त्री म्हणून लांबच्या वाटेवर ज्या अडचणी येतात त्यांबद्दलही लिहिते, कारण बहुतेक मार्गदर्शनात त्यांचा उल्लेख नसतो. स्वच्छतागृह हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. एसटी स्थानकांवर अवलंबून राहू नका. मी प्रत्येक गावात प्राथमिक शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र कुठे आहे ते विचारते. तिथल्या शिक्षिका किंवा परिचारिका नेहमी आपलेपणाने सोय करून देतात, बसवून पाणी देतात आणि कुठून आलात, घरी कोण कोण असते हेही विचारतात. त्यामुळे पुढच्या गावात आपल्याविषयी निरोप आपोआप पोहोचतो, आणि एकटीने जाताना तो मोठा आधार असतो.

पाणी भोर, वाई, मेढा, महाबळेश्वर आणि तापोळा इथे भरून घ्यावे. घाटांत पाण्याचा भरवसा धरू नये. बामणोली ते कास या चढावर मी दोन्ही वेळा दोन बाटल्या पूर्ण संपवल्या. तो चढ लोक कमी लेखतात, कारण तोवर मन साताऱ्यात पोहोचलेले असते. पाण्याच्या पातळीपासून, म्हणजे साडेसहाशे मीटरच्या आसपासपासून, कासच्या पठारापर्यंत पाचशे मीटरांहून अधिक वर जायचे असते आणि चौथ्या दिवसाचे पाय असतात.

कासविषयी एक विनंती. पश्चिम घाटाची स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली आणि त्यात कासही आहे, तेव्हापासून ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुलांच्या दिवसांत तिथे वाहनांची रांग लागते. नोव्हेंबरच्या शेवटी फुले संपलेली असतात, गवत सोनेरी झालेले असते आणि पठार पुन्हा वाऱ्याचे असते. म्हणून कुणी फुले नाहीत असे म्हणाले तरी जा. मात्र फोटोसाठी सायकल रस्ता सोडून पठारावर नेऊ नका. जांभ्या खडकावरचा मातीचा थर बोटभरही नाही, आणि पुढच्या पावसात उगवणारे कंद त्यातच झोपलेले असतात.

महाबळेश्वर, तापोळा आणि बामणोली या पट्ट्यात गवे आहेत, कोयनेच्या बाजूला अस्वलेही आहेत. त्या भागात अंधारात सायकल चालवू नये. गवा रस्त्यात दिसला तर घंटी वाजवू नये, दूर थांबून त्याला जाऊ द्यावे. माझ्यापुढे एकदा पाच गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. सर्वांत शेवटचा नर मधोमध थांबून माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय धुक्यात वेगळे उठून दिसत होते. मी सायकलवरून उतरून उभी राहिले. पाचएक मिनिटांनी तो गेला.

कृष्णातीर

एकलवाट यांचे म्हणणे मला मान्य आहे, केळघर घाट पसरणीपेक्षा निश्चितच शांत आहे. मी तो सुचवला नाही याचे कारण महिना. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो, आणि पाचवड-कुडाळ भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस हातभर आलेला असतो, मागे दिवे नसतात, आणि ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांमुळे चालकाला मागचे काही ऐकू येत नाही. ट्रॅक्टर आपल्याला ओलांडून गेला असे समजून आपण रस्त्याच्या आत येतो, आणि दुसरी ट्रॉली अजून मागून येत असते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा खांदा असाच मोडला. म्हणून कुडाळमार्गे जायचे ठरले तर सकाळी उशिरा, पूर्ण उजेडात जावे, आणि दुसरी ट्रॉली पुढे गेलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीतही हीच स्थिती असते. पावसाळ्यात उसाची वाहने नसतात, पण तेव्हा केळघर घाटात दरडी येतात; २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तेव्हा या भागातले रस्ते ठिकठिकाणी वाहून गेले होते.

तेव्हा दोन्ही रस्ते डोळ्यांसमोर ठेवावेत आणि वाईत मुक्कामी असताना हॉटेलात किंवा एसटी स्थानकावर चालकांना विचारून निर्णय घ्यावा. त्या दिवशी रस्ता कसा आहे हे एसटीच्या चालकाइतके खात्रीने कोणी सांगू शकत नाही.

नीराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी निघण्याचे निश्चित केले आहे, त्या आठवड्यात अमावास्या-पौर्णिमा नाही हे पाहिले आहे. सायकल आजच दुकानात दिली; डिरेलरचा पिंजरा लहानच निघाला, त्यामुळे तो आणि साखळी दोन्ही बदलत आहे. ब्रेकच्या रबरात खरोखरच चार चमकते कण सापडले. पसरणी की केळघर हे बुधवारी संध्याकाळी वाईत ठरवू.

एक शंका उरली आहे. तापोळ्याहून बामणोलीला शिवसागराच्या पाण्यातून लाँचने जाताना सायकली घेतात का, आणि लाँच मिळाली नाही तर काय करावे?

एकलवाट

घेतात. दोन्ही वेळा मी सायकल लाँचमधूनच नेली. तापोळ्याच्या धक्क्यावर आदल्या संध्याकाळीच नाववाल्यांशी बोलून ठेवा, दोन माणसे आणि दोन सायकली असे स्पष्ट सांगा आणि भाडे आधी ठरवा, कारण पूर्ण लाँच ठरवावी लागते. सकाळी लवकरची वेळ घ्या. दुपारनंतर पाण्यावर वारा सुटतो आणि लाटांनी सायकली एकमेकींवर आपटतात. नाववाल्याने माझी सायकल पुढच्या टोकाला आडवी ठेवली, पॅडल वर येईल असे फिरवले आणि हँडल माझ्याच ओढणीने लाकडी फळीला बांधले. डिरेलरची बाजू वर ठेवायला मात्र आपणच सांगावे लागते. साखळीवर पाणी उडते, म्हणून बामणोलीला उतरल्यावर ती फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा, मगच कासचा चढ सुरू करा.

नोव्हेंबरमध्ये धरण जवळजवळ भरलेले असते, त्यामुळे नाव धक्क्याला नीट लागते आणि सायकल उचलून चार पावले टाकली की झाले. मे महिन्यात पाणी खूप खाली जाते आणि सायकल खांद्यावर घेऊन वाळलेल्या गाळातून बरेच उतरावे लागते. वाऱ्यामुळे लाँच निघाली नाही तर तापोळ्याहून पुन्हा महाबळेश्वर चढून केळघर, मेढा असे साताऱ्याला उतरता येते. तो दिवस लांबेल आणि सुरुवातीलाच सातशे मीटरचा चढ येईल, तेव्हा तशी वेळ आली तर नऊच्या आत निर्णय घ्या आणि तापोळ्यात पोटभर भाकरी-पिठले खाऊन निघा. वाटेत महाबळेश्वरपर्यंत जेवणाची खात्री नाही.

चाक आणि साखळी

शुक्रवारी यवतेश्वर घाट उतरण्यापूर्वी माथ्यावर थांबून दोन्ही सायकलींचे ब्रेक एकदा हाताने दाबून पाहा. चार दिवसांत रबर झिजल्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला असेल, तर ब्रेकजवळचा केबल अ‍ॅडजस्टर दोन फेरे बाहेर काढा, हत्यार लागत नाही. खाली साताऱ्यात पोहोचल्यावर काही अडले तर इथे लिहा, दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते.